गुरुवारी सात वाजता, तालगारहून

पेनाला मी सुतळी बांधली होती,
सुतळीच्या दुसऱ्या टोकाला वही.
तालगारच्या बाजारात, तराजूशेजारी उभं राहून
आपोर्टची एक फोड कापून द्यायची
आणि तोंड भरलेलं असतानाच विचारायचं:
कलम बांधायला शिकायचंय? घरबसल्या, फोनवर?
मग इथं पत्ता लिहा. ईमेलचा. घराचा नको.

माणसं घाईत, बोटं चिकट.
कुणाचा एक सातासारखा, कुणाचा सात एकासारखा,
कुणी ॲट काढलाय गोगलगायीएवढा
आणि तिथंच दमून थांबलंय.
रात्री मी ती पानं घेऊन बसायची,
जशी पूर्वी प्रयोगशाळेत माती घेऊन बसायची:
भिंग, चहा आणि संशय.

भाचा सांझार म्हणाला, "राउशान आपा,
कशाला हा उद्योग?
दहा हजार पत्ते विकत मिळतात,
एका मेंढीच्या किमतीत."
मी म्हटलं, मेंढी निदान ओरडते तरी.
पण घेतले. हो, घेतले.
हाव काय फक्त तरुणांनाच सुटते?
रात्रीत दहा हजार आमंत्रणं गेली,
उजाडेपर्यंत सहा हजार परत दारात.
उरलेल्यांतून एकच उत्तर, कारागांदाहून:
तुम्ही कोण? माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?
त्या दिवशी मी जेवले नाही असं नाही.
जेवले. मीठ घातलं होतं की नव्हतं, आठवत नाही.

खुंटाला न विचारता डोळा भरता येत नाही.
साल जरा उचलून बघावी लागते,
रस चढलाय का.
नसेल चढला, तर पट्टी कितीही आवळ,
आठवड्यात डोळा काळा.
तीस वर्षं मी हे लोकांना सांगत आले
आणि स्वतः वाळल्या लाकडांवर
दहा हजार डोळे भरून बसले.

सगळं पुसलं. पुन्हा वही, पुन्हा फोड.
मार्चपर्यंत एकशे पंचवीस.

पहिल्या गुरुवारी सात वाजता
पडद्यावर नऊ चौकोन उघडले.
चार छताकडे बघणारे,
एकात नुसती खुर्ची आणि खुर्चीवर टोपी.
मी चाकू कॅमेऱ्याजवळ धरला,
फांदीला तिरपा काप दिला,
तर केगेनची एक बाई म्हणाली, "हळू, आपा,
इथं तुमचा हात अडखळत पोचतोय."
मग मी हळू केलं. इतकं हळू
की माझा अंगठा नेमकं काय करतो
ते मलाच पहिल्यांदा दिसलं.

यादीत एक केन्झेगुल आहे.
प्रत्येक पत्र उघडते, पहाटे चारला.
आली एकदाही नाही.
सांझार म्हणतो, थंड गिऱ्हाईक, काढून टाक.
पहाटे चारला जागी असलेल्या बाईला जो थंड म्हणतो
त्याने जन्मात गाय पिळलेली नाही.
तिला मी ठेवलंय.

आणि परवा एकाने नाव काढून घेतलं.
खाली रिकामी ओळ असते, कारण लिहायला;
कुणी लिहीत नाही. याने लिहिलं:
सातातली पाच कलमं जगली.
आता पत्रं नकोत, पाणी घालायचंय.

"एक गळाला," सांझार म्हणाला.
मी वही काढून अक्षर शोधलं.
शेवटून तिसरं पान, रसाचा तपकिरी डाग,
डागाशेजारी ती गोगलगाय.
अरे, हा तो!
पुढचा पत्ता मी अंदाजानं जुळवला होता,
दोनदा चुकून तिसऱ्या खेपेला लागला होता.

एकशे चोवीस.
या गुरुवारचा विषय अजून ठरलेला नाही.
बहुधा उंदीर,
आणि बर्फाखाली ते साल कशी कुरतडतात.